जोडीदार

रविवारची सकाळ होती. मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. इतक्यात लालबागहून भाईजानचा फोन आला.

"छोटी, आज घरी ये. तुझ्या लाडक्याला चार शब्द सांग. शाळेतून आला की मोबाइल हातात. त्यात कसल्या त्या राक्षसांच्या मारामाऱ्या! मराठीत जेमतेम पास झाला आहे. नववीचं वर्ष आहे. तू शिक्षिका, तुझं तरी ऐकेल."

भाईजान माझा थोरला भाऊ. तो आणि मी तीन वर्षांच्या अंतराने लालबागच्या एकाच चाळीत, एकाच खोलीत वाढलो. त्याचा मुलगा माझा भाचा. मुलांनो, येथे एक गंमत सांगते. उर्दूत भावाच्या मुलाला सगळेच भतीजा म्हणतात. मराठीत मात्र म्हणणारे कोण आहे, ते पाहावे लागते. भावाचा मुलगा हा पुरुषाचा पुतण्या आणि स्त्रीचा भाचा. तो मला फुप्पी म्हणतो. मराठीत मी त्याची आत्या.

मी भायखळ्याहून बसने निघाले. वाटेत मनातल्या मनात एक मोठे भाषण तयार केले. वेळ अनमोल असतो, डोळे बिघडतात, आमच्या लहानपणी असे नव्हते, अशी सगळी वाक्ये त्यात होती. आम्हा शिक्षकांच्या पोतडीत अशी वाक्ये नेहमीच तयार असतात.

भाचा खिडकीशी मान खाली घालून बसला होता. मी कशासाठी आले, हे त्याला ठाऊक होते. मी काही बोलण्याआधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. त्याचा पडलेला चेहरा पाहून माझे भाषण मागेच राहिले. मी म्हणाले, "आधी मला हा खेळ समजावून सांग. पण मराठीत. शब्द अडला तर विचार. वाक्य मात्र पुरं करायचं."

मला वाटले, पाच मिनिटांत तो थकेल. पण ज्या मुलाने परीक्षेत 'माझा आवडता छंद' या निबंधाच्या जागी चार ओळी खरडल्या होत्या, तो मुलगा त्या दिवशी दीड तास मराठीत बोलला.

खेळाचे नाव पोकेमॉन. 'पॉकेट मॉन्स्टर' या इंग्रजी शब्दांचे हे जपानी लघुरूप. म्हणजे खिशातले राक्षस. हा खेळ ज्यांनी रचला ते सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या उपनगरात वाढले. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा फार नाद होता. पुढे शहर वाढले. शेते आणि तळी गेली, त्यांच्या जागी इमारती आल्या. किडे शोधण्याचा आपला आनंद शहरातल्या मुलांनाही मिळावा, असे त्यांना वाटले. त्यातून 1996 साली जपानमध्ये हा खेळ आला. तो हातात मावणाऱ्या 'गेम बॉय' नावाच्या यंत्रावर खेळत. सुरुवातीला त्यात 151 प्राणी होते. आज ते हजाराच्या वर गेले आहेत.

हे ऐकताना मला आपलेच लहानपण आठवले. आमच्याही डोळ्यांदेखत गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. 2003 च्या सुमारास पोकेमॉनची मालिका आपल्याकडे हिंदीतून दिसू लागली. चिप्सच्या पाकिटातून त्या प्राण्यांच्या चित्रांच्या गोल चकत्या निघत. त्या चकत्यांसाठी आमच्या चाळीच्या गॅलरीत भांडणे होत. पुढे डिसेंबर 2016 मध्ये रस्तोरस्ती फिरून प्राणी पकडण्याचा 'पोकेमॉन गो' हा खेळ भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा मोबाइल समोर धरून चालणारी माणसे मुंबईतही दिसू लागली.

"पण फुप्पी, माझा खेळ पकडण्याचा नाही," भाचा म्हणाला. "माझा खेळ जोडी लावण्याचा आहे."

मग त्याने नियम सांगितले. प्रत्येक प्राण्याला एक किंवा दोन गुण असतात. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, जमीन असे एकूण अठरा गुण. पाणी आगीला भारी. आग गवताला भारी. गवत पाण्याला भारी. वीज पाण्यावर भारी पडते, पण जमिनीपुढे तिचे काहीच चालत नाही. सगळ्यांना पुरून उरेल असा गुण एकही नाही. 2009 पासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होत आल्या आहेत आणि त्या जोडीच्या लढतीच्या आहेत. खेळाडूने सहा प्राण्यांचा संघ आणायचा, त्यांतले चार लढतीसाठी निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात उतरवायचे. समोरही दोन. चौघांनी काय करायचे, हे दोन्ही खेळाडू एकाच वेळी गुपचूप ठरवतात.

"एक लढत खेळून बघा," तो म्हणाला. 'पोकेमॉन शोडाऊन' या संकेतस्थळावर पैसे न भरता हवा तो संघ घेऊन खेळता येते. मी यादीतून सर्वांत बलवान दिसणारे सहा प्राणी निवडले. त्यांत गारचॉम्प, ड्रॅगनाइट आणि सॅलॅमेन्स हे तीन अजस्र ड्रॅगन होते. भाच्याने काय आणले? नऊ शेपट्यांचा एक पांढरा कोल्हा आणि आणखी काही साधे दिसणारे प्राणी. मला हसू आले.

माझे हसू फार टिकले नाही. तो कोल्हा मैदानात उतरला की आपोआप बर्फ पडू लागतो. बर्फाच्या वादळाचा वार एरवी कधीकधी हुकतो, पण बर्फ पडत असताना हुकत नाही आणि तो समोरच्या दोघांनाही एकदम लागतो. माझ्या तिन्ही ड्रॅगनना बर्फाची इजा चौपट होते, हे मला नंतर कळले. काही मिनिटांत माझा संघ भुईसपाट झाला.

भाचा हळूच म्हणाला, "फुप्पी, तुमचे सगळे पहिल्या नंबरचे आहेत. पण त्यांत जोडी एकही नाही."

मी चमकले. असे वाक्य एखाद्या शिक्षकाने बोलावे! मी त्याला विचारले, "मग जोडी कशी लावायची?"

त्याने बोटांवर तीन गोष्टी मोजल्या. पहिली, एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची. ज्याला बर्फ सोसत नाही, त्याच्या शेजारी बर्फाला न भिणारा उभा करायचा. दुसरी, एकाच्या कामाचा दुसऱ्याला उपयोग झाला पाहिजे. एकाने पाऊस पाडला, की जोडीदाराच्या पाण्याच्या वाराची ताकद दीडपट होते आणि समोरच्याच्या आगीची निम्म्यावर येते. पाऊस पाडणाऱ्याने स्वतः एकही वार केला नाही, तरी त्याने मोठे काम केलेले असते. आणि तिसरी, आपल्या वाराने आपलाच जोडीदार घायाळ होता कामा नये. भूकंपाचा वार मैदानातल्या सर्वांना लागतो, आपल्या जोडीदारालासुद्धा. म्हणून भूकंप करणाऱ्याच्या शेजारी उडणारा प्राणी ठेवायचा. तो हवेत असतो, त्याला काही होत नाही.

मला आमच्या चाळीतला कॅरम आठवला. भाईजानचा हात जोरकस होता. पहिल्याच फटक्यात तो सोंगट्या चारी दिशांना उधळून देई. माझा हात हळू. पॉकेटच्या तोंडाशी अडलेली सोंगटी अलगद आत ढकलणे मला जमे. एका वर्षी गणेशोत्सवातल्या चाळीच्या स्पर्धेत भाईजानने मला वगळले आणि आपल्यासारखाच जोरकस जोडीदार घेतला. दोघांनी मिळून बोर्ड हादरवून सोडला आणि पहिल्याच फेरीत हरले. राणी घेतली, पण तिला कव्हर द्यायला हळू हात नव्हता. शेजारचे काका म्हणाले, "अरे, दोन ढोल झाले, सनई कुठे आहे?" पुढच्या वर्षी भाईजान गुपचूप माझ्यासमोर येऊन बसला. त्या वर्षी आम्ही अंतिम फेरी गाठली.

आपल्या मुंबईत याचे आणखी मोठे उदाहरण आहे. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी त्यात 664 धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. दोघेही गुणी होते, हे तर खरेच. पण एक उजव्या हाताने खेळणारा आणि दुसरा डावखुरा, हेही ध्यानात घ्या. एक धाव निघाली की गोलंदाजाने आपला टप्पा बदलायचा आणि क्षेत्ररक्षकांनी जागा बदलायच्या. अशी जोडी समोरच्याला सुखाने श्वास घेऊ देत नाही.

"आता तुम्हांला माझी सर्वांत आवडती लढत सांगतो," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता.

2014 साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क या खेळाडूच्या संघात पाचिरिसू नावाची एक खार होती. उंची 40 सेंटिमीटर, वजन चार किलोसुद्धा नाही. मोठ्या स्पर्धेत तिला कोणी आणत नसे. त्याच संघात गॅराडोस होता. साडेसहा मीटर लांब आणि 235 किलो वजनाचा, सापासारखा अजस्र प्राणी. पण त्याची एक मोठी उणीव होती. विजेचा वार त्याला फार लागे. पार्कने या दोघांची जोडी लावली. खारीकडे एक डाव होता. तो टाकला की समोरून येणारा वार जोडीदाराकडे न जाता तिच्याकडे वळे. शिवाय ती विजेचीच खार. विजेने तिला इजा होत नाही, उलट बळ मिळते. खार वार आपल्याकडे ओढून घेई आणि तेवढ्या वेळात गॅराडोस निर्धास्तपणे आपले काम करी. जो वार दोघांवर एकदम पडतो, तो मात्र तिलाही वळवता येत नाही. तरीही ती पुरेशी ठरली. पार्क त्या वर्षी जगज्जेता झाला. सगळे लोक मात्र त्या खारीबद्दलच बोलत राहिले.

मराठीत 'खारीचा वाटा' असा एक वाक्प्रचार आहे. मोठ्या कामात लहानाने आपल्या शक्तीप्रमाणे घातलेली भर, असा त्याचा अर्थ. मी तो वर्गात कितीदा शिकवला आहे. वाक्यात उपयोगही करून घेतला आहे. पण त्या दिवशी तो शब्द मनात आला आणि मी एकदम गप्प झाले.

2000 साली अब्बांची गिरणी बंद पडली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा सावरल्याच नाहीत. अब्बांची कशीबशी चालू राहिली होती. शेवटी तिचाही भोंगा थांबला. तेव्हा भाईजान आठवीत होता आणि मी पाचवीत. दहावीला त्याला गणितात 150 पैकी 141 गुण मिळाले. चाळीत पेढे वाटले गेले. आणि पुढच्याच महिन्यात तो लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात दुरुस्तीचे काम शिकायला जाऊ लागला. गिरगावाच्या शेजारचा हा रस्ता इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. मला वाटले, त्याला अभ्यासाचा कंटाळा आला असेल. रेडिओ उघडून बसणे त्याला लहानपणापासून आवडायचेच.

एकदा त्याने एक बिघडलेला गेम बॉय घरी आणला. गिऱ्हाईक तो ठेवून गेले होते. भाईजानने रात्री बसून तो चालू केला. गिऱ्हाईक परत येईपर्यंत तीन आठवडे आम्ही त्यावर पोकेमॉन खेळलो. जोडीची लढत आली की एका प्राण्याला त्याने आज्ञा द्यायची, दुसऱ्याला मी. एकदा मी उत्साहाने भूकंपाचा वार केला आणि समोरच्यांबरोबर भाईजानचा विजेचा कुत्राही आडवा झाला. मी रडवेली झाले. तो हसून म्हणाला, "तू कर भूकंप. मी उडणारा पक्षी घेतो." त्यानंतर प्रत्येक लढतीत तो माझ्या शेजारी पक्षीच घेत असे.

माझी दहावी झाली. बारावी झाली. बी.ए. झाले, बी.एड. झाले. फी नेहमी वेळेवर भरली जाई. ती कोठून येते, असे मी एकदाही विचारले नाही.

तेवढ्यात भाईजान बाजारातून आला. हातात मटणाची पिशवी होती. मी येणार म्हणून आणले होते. त्याने मुलाकडे पाहून विचारले, "काय, कान उपटले का फुप्पीने?"

मी म्हणाले, "भाईजान, दहावीनंतर तू अकरावीला प्रवेश का घेतला नाहीस?"

तो गोंधळला. "आता एवढ्या वर्षांनी काय विचारतेस? मला दुकानात आवडायचं."

"खरं सांग."

त्याने पिशवी खाली ठेवली. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फॉर्म आणला होता. सायन्सचा. आठवडाभर गादीखाली होता. पण दोघांची फी झाली नसती. तुझं वाचन चांगलं होतं, माझा हात चांगला होता. हिशेब सोपा होता." आणि लगेच हसून पुढे म्हणाला, "पण उगीच डोळ्यांत पाणी आणू नकोस. दुकानात मला खरंच मजा यायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

भाचा आमच्याकडे टक लावून पाहत होता. त्याच्या अब्बूंना गणितात 141 गुण होते, हे त्याला आजच कळले होते. तो म्हणाला, "अब्बू, त्या खारीनंही प्रत्येक फेरीत वार झेलायचा नसतो. तसं केलं तर ती संपते. मधे जोडीदारानं पुढं यायचं असतं."

हे वाक्य तो खेळाबद्दलच बोलला होता. पण ते माझ्याबरोबर बसमध्ये बसले आणि घरापर्यंत आले.

त्या दिवशी आमच्यात एक करार झाला. भाच्याने रोज एक तास खेळायचे, जास्त नाही. आणि दर रविवारी त्या आठवड्यातल्या एका लढतीचे वर्णन मराठीत एक पानभर लिहून मला दाखवायचे. पहिल्या पानात सतरा चुका होत्या. चौथ्या पानात नऊ. मीही माझ्या वर्गात एक बदल केला. गटकार्य देताना हुशार मुलींना हुशार मुलींच्याच शेजारी बसवण्याची माझी जुनी सवय मी मोडली. कोणाला काय येते, याबरोबर कोणाला काय येत नाही, हेही आता मी वहीत लिहून ठेवते.

पुढच्या महिन्यात मी भाईजानसाठी एक कागद छापून नेला. त्यात सतरा नंबरच्या अर्जाची माहिती होती. शिक्षण मधेच सुटलेल्यांना तो अर्ज भरून बाहेरून बारावीच्या परीक्षेला बसता येते. वाणिज्य शाखा तशी मिळते. आणि हिशेबात तर भाईजानचा हात कोण धरणार? मी म्हणाले, "फी मी भरणार. शनिवारी संध्याकाळी दुकानात मी आणि हा बसू. तू अभ्यास कर."

तो मोठ्याने हसला. "चाळिशी आली माझी. लोक काय म्हणतील?"

"लोकांचे वार आमच्याकडे वळव," भाचा म्हणाला.

भाईजानने अजून हो म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही. कागद वाचून त्याने त्याची नीट घडी केली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या कप्प्यात ठेवली. त्या कप्प्यात तो रोज लागणाऱ्या वस्तूच ठेवतो.

स्वाध्याय

1. आत्याने तयार केलेले भाषण का केले नाही?
2. चांगली जोडी लावण्यासाठी भाच्याने कोणत्या तीन गोष्टी सांगितल्या?
3. "दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत," असे भाईजान का म्हणाला? त्या दोन गोष्टी कोणत्या?
4. 'खारीचा वाटा' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
5. तुमच्या घरात तुमच्यासाठी 'उडणारा पक्षी' घेणारे कोण आहे? दहा ओळी लिहा.